योगाकडे परतताना : स्वामी कुवलयानंदांकडून काय घ्यावे?

शाळा-कॉलेजात असताना अनेकांनी आसने केलेली असतात. सूर्यनमस्कार, सर्वांगासन, हलासन अंगवळणी पडलेले असते. मग नोकरी, संसार, बदल्या, मुलांच्या परीक्षा यांत पंधरा-वीस वर्षे निघून जातात. एके दिवशी रक्तदाबाचा आकडा वाढलेला दिसतो, कंबर धरते किंवा गुडघा कुरकुरू लागतो आणि डॉक्टर योगाचे नाव काढतात. माणूस पुन्हा वर्गाच्या शोधात निघतो. तेव्हा त्याच्या लक्षात येते, की मधल्या काळात पाट्या फार वाढल्या आहेत. कुठे अय्यंगार पद्धत, कुठे अष्टांग विन्यास, कुठे शिवानंद परंपरा, कुठे पॉवर योग, तर कुठे तापवलेल्या खोलीतला हॉट योग. प्रत्येक पाटीखाली एक दावा असतो आणि प्रत्येक वर्गाचा एखादा तरी कट्टर भक्त आपल्या ओळखीचा असतो.

या गोंधळात दोन चुका सर्रास होतात. पहिली, जिथे सोडले होते तिथूनच सुरुवात करायची. दुसरी, शैलीचे नाव किंवा गुरूची ख्याती पाहून वर्ग निवडायचा आणि आपल्या शरीराला त्यातून काय मिळते याची विचारपूसच करायची नाही. या दोन्ही चुकांचा विचार शंभर वर्षांपूर्वी एका मराठी माणसाने केला होता. त्यांचे नाव जगन्नाथ गणेश गुणे. जग त्यांना स्वामी कुवलयानंद म्हणून ओळखते. लोणावळ्याच्या कैवल्यधामचे संस्थापक म्हणून त्यांचे नाव आपण ऐकलेले असते. पण त्यांचे आयुष्य नीट पाहिले, तर ते स्वतःच पुन्हा पुन्हा विद्यार्थी झालेल्या माणसाचे आयुष्य आहे. म्हणून योगाकडे परतणाऱ्याने ते जाणून घेण्यासारखे आहे.

बडोद्याचा आखाडा

जगन्नाथ गुणे यांचा जन्म ३० ऑगस्ट १८८३ रोजी बडोदे संस्थानातल्या डभोई गावी झाला. वडील शिक्षक. घरची परिस्थिती बेताची, त्यामुळे शिक्षणासाठी झगडावे लागले. १९०३ साली मॅट्रिकला त्यांना संस्कृतसाठीची मानाची जगन्नाथ शंकरशेट शिष्यवृत्ती मिळाली आणि बडोदा कॉलेजचे दार उघडले. १९१० साली ते पदवीधर झाले. संस्कृतच्या या पक्क्या पायाचा पुढे मोठा उपयोग झाला. हठयोगाचे ग्रंथ वाचण्यासाठी त्यांना दुसऱ्याच्या भाषांतरावर विसंबावे लागले नाही.

ते दिवस बंगालच्या फाळणीनंतरच्या चळवळीचे. अरविंद घोष काही काळ बडोदा कॉलेजात शिकवत होते, टिळकांचे लेखन घराघरांत वाचले जात होते. तरुण गुणे यांच्यावर दोघांचाही प्रभाव पडला. विद्यार्थी असतानाच त्यांनी आजन्म ब्रह्मचर्याचे आणि देशसेवेचे व्रत घेतले.

देश उभा करायचा तर शरीरे बळकट हवीत, असा त्या पिढीचा विश्वास होता. गुणे बडोद्याच्या जुम्मादादा व्यायामशाळेत जाऊ लागले. तिथले गुरू राजरत्न प्रोफेसर माणिकराव. १९०७ ते १९१० या काळात त्यांच्या हाताखाली गुणे भारतीय व्यायामपद्धती शिकले. कुस्ती, लाठी, मल्लखांब आणि शिस्तबद्ध सांघिक कवायत यांची ही परंपरा. घाम गाळायचा, दम वाढवायचा, स्नायू कमवायचे. या व्यायामाला त्यांनी पुढे कधीच कमी लेखले नाही. ते आयुष्यभर त्याचे पुरस्कर्ते राहिले. योग शिकल्यावर आखाड्याला नावे ठेवणाऱ्यांपैकी ते नव्हते. ही गोष्ट लहान वाटली, तरी पुढच्या सगळ्या कामाची दिशा तिच्यात आहे.

पस्तिशीनंतर पुन्हा शिष्य

पदवीनंतर गुणे शिक्षणाच्या कामात पडले. खानदेशात अमळनेरला त्यांनी शिकवले आणि तिथल्या राष्ट्रीय कॉलेजचे ते प्राचार्य झाले. राष्ट्रीय विचारांच्या संस्थेवर इंग्रज सरकारची नजर असणारच. १९२० साली ते कॉलेज बंद पडले.

त्याच सुमारास त्यांच्या आयुष्याला दुसरे वळण मिळाले. १९१९ साली त्यांची भेट परमहंस माधवदासजी महाराजांशी झाली. माधवदासजी मूळचे बंगालचे. भारतभर भ्रमंती करून ते नर्मदाकाठी, बडोद्याजवळच्या मालसर येथे स्थिरावले होते. गुणे तेव्हा पस्तिशी ओलांडलेले, पदवीधर, प्राचार्यपदाचा अनुभव असलेले, आखाड्यात तयार झालेले गृहस्थ होते. पण मालसरला ते पहिलीतल्या मुलासारखे बसले.

इथे शिकायचे होते ते आखाड्याच्या जवळपास उलटे होते. आखाड्यात जोर आणि वेग महत्त्वाचा. इथे सावकाशपणा, स्थिरता आणि श्वासावर ताबा. आखाड्यात जास्तीत जास्त स्नायू कामाला लावायचे, तर इथे गरज नसलेला स्नायू सैल सोडायचा. कमावलेल्या शरीराला हे सोपे जाते असे नाही. ज्याला एक पद्धत चांगली येते, त्याला दुसरी शिकताना पहिलीच आडवी येते. नृत्य शिकलेली व्यक्ती योगवर्गात आली किंवा जिममध्ये रमलेला तरुण शवासनात अस्वस्थ झाला, की शिक्षकांना हा अनुभव येतोच.

माधवदासजींचा सहवास गुणे यांना फार थोडी वर्षे मिळाला. पण त्या काळात त्यांनी ज्या क्रिया शिकल्या, त्यांचा परिणाम त्यांना स्वतःच्या शरीरात जाणवला. इथे दोन वाटा होत्या. एक, गुरूंवर श्रद्धा ठेवून तेच पुढे शिकवत राहायचे. दुसरी, हे नेमके कशामुळे होते असे विचारायचे. गुणे यांनी श्रद्धा सोडली नाही, पण दुसरी वाट धरली.

रुग्णालयात नौली

१९२०-२१ च्या सुमारास बडोद्याच्या रुग्णालयात त्यांनी आपल्या काही विद्यार्थ्यांच्या मदतीने प्रयोग सुरू केले. निवडल्या त्या दोन क्रिया : उड्डीयान आणि नौली.

उड्डीयान बंधात श्वास पूर्ण बाहेर सोडतात. मग हवा आत न घेता, श्वास घेतल्यासारखी छाती फुलवतात. छातीच्या आणि पोटाच्या मधला श्वासपटलाचा पडदा त्यामुळे वर ओढला जातो आणि पोट खपाटीला जाते. नौलीत याच स्थितीत पोटाचे मधले दोन उभे स्नायू पुढे काढतात आणि पुढे ते डावी-उजवीकडे फिरवतात. यांच्याशी जोडलेली जुनी क्रिया म्हणजे बस्ती. पाण्यात बसून, गुदद्वारात नळी ठेवून साधक मोठ्या आतड्यात पाणी वर ओढून घेतो. ना पंप, ना पिचकारी. मग पाणी वर चढते कसे? परंपरेत याचे उत्तर अपान वायूच्या भाषेत दिले जात असे. आधुनिक शिक्षण घेतलेल्या अनेकांना ही सगळी हातचलाखी वाटे.

गुणे यांनी दोघांशीही वाद घातला नाही. त्यांनी साधकाला क्ष-किरणांच्या यंत्रापुढे उभे केले आणि आतड्यातला दाब पाऱ्याच्या दाबमापकाने मोजला. नौली करताना मोठ्या आतड्यातला दाब बाहेरच्या हवेच्या दाबापेक्षा खाली जातो, असे त्यात दिसले. म्हणजे आत अंशतः निर्वात स्थिती तयार होते आणि पाणी आपोआप आत ढकलले जाते. स्ट्रॉने सरबत ओढताना तोंडात जे घडते, तेच तत्त्व. या अंशतः निर्वात स्थितीला त्यांनी आपल्या गुरूंचे, माधवदासांचे नाव दिले. गुरूंबद्दलची कृतज्ञता आणि मोजमाप या दोन्ही गोष्टी त्यांनी अशा एकाच जागी बसवल्या.

या प्रयोगाचे महत्त्व नौलीपुरते नाही. नौली आणि बस्ती या जाणकाराच्या देखरेखीखाली, तेही मोजक्या माणसांनी शिकायच्या क्रिया आहेत. वर्तमानपत्र वाचून त्या करू नयेत. महत्त्व आहे ते प्रश्नाच्या पद्धतीला. ही क्रिया खरी की खोटी, आपली की परकी, यापेक्षा ती करताना शरीरात काय बदलते हे त्यांनी विचारले. उत्तर आपल्या परंपरेच्या विरोधात गेले असते तर? राष्ट्रीय भावनेने भारलेल्या माणसासाठी हा धोका लहान नव्हता. यंत्राने नाही म्हटले असते, तर ते त्यांना चारचौघांत मान्य करावे लागले असते. तरीही ते यंत्रापुढे गेले.

लोणावळ्याची प्रयोगशाळा

ऑक्टोबर १९२४ मध्ये त्यांनी लोणावळ्यात कैवल्यधाम स्थापन केले. मुंबई आणि पुणे या दोन शहरांच्या मधले, थंड हवेचे ठिकाण. आश्रमही आणि प्रयोगशाळाही. गुणे आता स्वामी कुवलयानंद या नावाने ओळखले जाऊ लागले. त्याच वर्षी त्यांनी योगमीमांसा हे इंग्रजी त्रैमासिक सुरू केले. योगाची शास्त्रीय तपासणी करण्याला वाहिलेले हे पहिले नियतकालिक मानले जाते.

या त्रैमासिकाची मांडणी पाहण्यासारखी होती. त्यात शास्त्रीय, अर्धशास्त्रीय आणि लोकप्रिय असे वेगवेगळे विभाग होते. प्रयोगात मोजलेले एका बाजूला, शरीरशास्त्राच्या आधाराने केलेला तर्क दुसऱ्या बाजूला आणि सामान्य वाचकाला घरी करता येईल असे मार्गदर्शन तिसऱ्या बाजूला. आज फोनवर येणाऱ्या आरोग्यविषयक संदेशांत हे तिन्ही एकत्र कालवलेले असतात. मोजलेले किती, अंदाज किती आणि सल्ला किती, हे वाचकाला कळतच नाही. कुवलयानंदांनी निदान ती भिंत घालण्याचा प्रयत्न केला.

पहिल्या काही वर्षांतच सर्वांगासन, मत्स्यासन, शीर्षासन करताना रक्तदाब किती बदलतो याची मोजणी तिथे झाली. डोके खाली, पाय वर केले की रक्तवाहिन्यांवर भयंकर ताण येत असेल, अशी भीती तेव्हा डॉक्टर व्यक्त करत. भीतीला उत्तर म्हणून आकडे देणे ही त्यांची रीत होती.

प्राणवायूचा हिशेब

प्राणायामाबद्दल एक समज तेव्हाही होता आणि आजही आहे : खोल श्वास घेतला, की शरीराला भरपूर प्राणवायू मिळतो आणि म्हणून प्राणायाम चांगला. कुवलयानंदांनी हे कारण मान्य केले नाही. प्राणायामाचे महत्त्व जादा प्राणवायूत नाही, तर छाती आणि पोटातल्या दाबांच्या बदलांत आणि मज्जासंस्थेला लागणाऱ्या वळणात आहे, अशी त्यांची मांडणी होती.

आजचे शरीरशास्त्र पहिल्या भागाला दुजोरा देते. निरोगी माणूस शांत बसलेला असताना त्याच्या रक्तातले हिमोग्लोबिन साधारण ९५ ते ९९ टक्के प्राणवायूने भरलेलेच असते. भरलेल्या हंड्यात आणखी किती पाणी मावणार? उलट जोरजोराने भराभर श्वास घेतला, तर रक्तातला कार्बन डायऑक्साइड जास्त बाहेर जातो, मेंदूच्या रक्तवाहिन्या आकुंचन पावतात आणि चक्कर किंवा हातापायांना मुंग्या येतात. वर्गात कपालभातीच्या वेळी असे झाले, तर ती शक्ती जागृत झाल्याची खूण मानू नये. वेग कमी करावा.

१९३०च्या दशकाच्या सुरुवातीला अमेरिकेतल्या येल विद्यापीठात मानसशास्त्राचे संशोधन करणारे कोवूर बेहानन लोणावळ्याला आले. मूळचे त्रावणकोरकडचे. कुवलयानंदांच्या हाताखाली ते योग शिकले आणि परत जाऊन त्यांनी स्वतःवरच चाचण्या केल्या. प्राणायामाच्या वेगवेगळ्या प्रकारांत प्राणवायूचा खर्च वेगवेगळा होतो, असे त्यांना दिसले. उज्जायीत तो जास्त वाढला, कपालभातीत त्यामानाने कमी. प्राणायामानंतर लगेच घेतलेल्या बौद्धिक चाचण्यांत त्यांचा वेग थोडा मंदावलेला आढळला, पण मनाला मात्र स्थिरता आल्याचे त्यांनी नोंदवले. १९३७ साली त्यांचे पुस्तक निघाले. सगळेच निष्कर्ष योगाची वाहवा करणारे नव्हते. विद्यार्थी गुरूंकडून अशी मोकळीक घेऊन परत जाऊ शकतो, हे त्या आश्रमाबद्दल बरेच काही सांगते.

रुग्ण आणि शाळा

१९२७ साली दौऱ्यात असताना महात्मा गांधींची प्रकृती रक्तदाबाने बिघडली आणि विश्रांतीसाठी त्यांना म्हैसूर संस्थानातल्या नंदी टेकडीवर नेण्यात आले. त्या काळात गांधीजी आणि कुवलयानंद यांच्यात पत्रव्यवहार झाला. स्वतःच्या शरीरावर प्रयोग करण्याची गांधीजींची हौस जगजाहीर आहे. दोन प्रयोगशील माणसे आसने, आहार आणि रक्तदाब यांबद्दल एकमेकांना लिहीत होती.

पण कुवलयानंदांचे लक्ष नामवंत रुग्णांवर थांबले नाही. १९३२ साली मुंबईत सांताक्रूझला शाखा निघाली आणि १९३६ साली ती चौपाटीजवळ मरीन ड्राइव्हवर, ईश्वरदास चुनीलाल योगिक हेल्थ सेंटर या नावाने स्थिरावली. नोकरदार मुंबईकराला कामाच्या आधी किंवा नंतर जाता येईल अशी ती सोय होती. मुंबई प्रांताच्या शारीरिक शिक्षणविषयक समित्यांवर त्यांनी काम केले, शिक्षकांच्या तुकड्या तयार केल्या. शाळेच्या मैदानावर आपण जी आसने केली, त्यांच्यामागे या कामाचाही वाटा आहे. १९५१ साली लोणावळ्यात योगाचे महाविद्यालय सुरू झाले, १९६१ साली जुनाट विकारांसाठी योगोपचाराचे रुग्णालय. १९६३ साली डॉ. एस. एल. विनेकर यांच्यासोबत लिहिलेले योगोपचारावरचे त्यांचे इंग्रजी पुस्तक केंद्र सरकारच्या आरोग्य शिक्षण विभागाने काढले. १८ एप्रिल १९६६ रोजी स्वामीजींचे निधन झाले.

जे टिकले नाही

त्यांचे सगळेच बरोबर होते, असे म्हणणे हा त्यांच्याच पद्धतीचा अपमान ठरेल. १९२०चे दशक अंतःस्रावी ग्रंथींच्या शोधांनी भारलेले होते. इन्सुलिन नुकतेच हाती आले होते, थायरॉइडबद्दल रोज नवे काही कळत होते. त्या वातावरणात सर्वांगासनाने मानेकडे रक्त जाते आणि म्हणून थायरॉइडला बळ मिळते, असा तर्क योगाच्या लिखाणात रुजला. कुवलयानंदांच्या लेखनातही तो आहे. आज शंभर वर्षांनंतर सर्वांगासनाने थायरॉइडचा विकार बरा होतो असे म्हणायला भक्कम पुरावा नाही. या तर्कावर विसंबून कोणी गोळ्या बंद केल्या, तर धोका आहे.

त्या प्रयोगांत सहभागी माणसेही थोडी होती आणि बहुतेक कसलेले साधक होते. पन्नाशीतल्या, पोट सुटलेल्या, रोज दोन तास लोकलमध्ये उभ्या राहणाऱ्या माणसाला तेच निष्कर्ष जसेच्या तसे लागू होतील असे नाही. त्यांचे काही निष्कर्ष मागे पडले. मोजून पाहण्याची सवय मात्र कामाची राहिली.

एका गुरूचे दोन शिष्य

आता पुन्हा त्या पाट्यांकडे येऊ. मालसरच्या माधवदासजींचे आणखी एक शिष्य होते, श्री योगेंद्र. त्यांनी १९१८ साली मुंबईत वर्सोव्याला योग इन्स्टिट्यूट काढले आणि संसारी माणसाला झेपेल असा सोपा योग शिकवला. गुरू एकच. एका शिष्याने प्रयोगशाळा उभारली, दुसऱ्याने घरगुती माणसासाठी वर्ग.

दक्षिणेत हेच घडले. म्हैसूरच्या कृष्णमाचार्यांनी राजवाड्यातल्या योगशाळेत तरुण मुलांना झपाट्याने जोडलेली आसने शिकवली. त्यातून पट्टाभि जोईस यांचा अष्टांग विन्यास पुढे आला. त्यांच्याच हाताखाली शिकलेले बी. के. एस. अय्यंगार १९३७ साली पुण्यात आले आणि त्यांनी पट्टे, ठोकळे, खुर्च्या यांच्या आधाराने एकेक आसन बारकाईने घडवणारी पद्धत विकसित केली. कृष्णमाचार्यांचे पुत्र देशिकाचार यांनी एकेका माणसाची गरज पाहून साधना बेतण्यावर भर दिला. म्हणजे शैली या बऱ्याचदा वेगवेगळ्या विद्यार्थ्यांसाठी दिलेली वेगवेगळी उत्तरे आहेत. बारा-पंधरा वर्षांच्या चपळ मुलासाठी बेतलेले उत्तर पन्नाशीत जसेच्या तसे घेतले, तर खांदा दुखणारच.

मग कोणती शैली चांगली? २०१६ साली जर्मनीतल्या संशोधकांनी योगावरच्या ३०६ नियंत्रित चाचण्या एकत्र तपासल्या. त्यांत ५२ वेगवेगळ्या शैली होत्या. अनुकूल निष्कर्ष निघण्याची शक्यता एका शैलीत जास्त आणि दुसरीत कमी, असे काही आढळले नाही. जवळपास ९१ टक्के चाचण्यांचे निष्कर्ष अनुकूल होते. इतकी मोठी टक्केवारी पाहून थोडा सावधपणाही बाळगावा, कारण न जमलेल्या चाचण्या कमी छापल्या जातात. पण नावावरून शैली निवडायला आधार नाही, एवढे त्यातून नक्की समजते.

परतणाऱ्यासाठी

कुवलयानंदांनी साधकांना दिलेल्या सूचनांत एक सूचना नेमकी परतणाऱ्यांसाठी आहे. सराव काही कारणाने मध्ये बंद पडला असेल, तर पुन्हा सुरू करताना कमी प्रमाणात सुरू करावा. मात्र पूर्ण प्रमाणापर्यंत या वेळी थोडे लवकर पोहोचता येईल. आजचे क्रीडावैद्यकही जवळपास हेच सांगते. एकदा कमावलेली स्नायूंची ताकद दुसऱ्या वेळी लवकर परत येते. पण स्नायूंना हाडाशी बांधणारे कंडरे आणि सांध्याचे अस्थिबंध सावकाश जुळवून घेतात. म्हणून तिसऱ्या आठवड्यात अंगात जोर आल्यासारखे वाटते आणि नेमका तेव्हाच खांदा किंवा मांडीची मागची बाजू दुखावते. आठवण वीस वर्षांपूर्वीच्या शरीराची असते, चटई मात्र आजच्या शरीराखाली असते.

त्यांनी अभ्यासक्रमच तीन प्रकारचे दिले होते : पूर्ण, संक्षिप्त आणि सोपा. ज्याला पूर्ण झेपत नाही त्याने सोपा करावा, त्यात कमीपणा नाही. सरावाच्या शेवटी थकवा नव्हे, ताजेपणा वाटायला हवा, ही त्यांची कसोटी. दमवणारा व्यायाम आणि आसने यांत किमान वीस मिनिटांचे अंतर ठेवावे, असेही ते सांगत. दोन्ही करा, पण एकात दुसरे मिसळू नका. आखाडा आणि मालसर या दोन्ही ठिकाणी शिकलेल्या माणसाचा हा सल्ला आहे. कान वाहणे, हृदय कमजोर असणे, डोळ्यांच्या सूक्ष्म रक्तवाहिन्या नाजूक असणे, अशा वेळी शीर्षासनासारखी आसने करू नयेत, हेही त्यांनी स्पष्ट लिहिले. आज या यादीत ताब्यात नसलेला रक्तदाब, काचबिंदू, मानेच्या मणक्यांचा त्रास आणि हाडांचा ठिसूळपणा यांची भर घालावी.

मग वर्ग कसा निवडायचा? दोन-तीन वर्गांत प्रत्येकी काही आठवडे जाऊन पाहायला हरकत नाही. फक्त एका वेळी एकच पद्धत धरावी, नाहीतर काय कशामुळे झाले ते कळणार नाही. सुरुवातीला चार गोष्टी वहीत लिहून ठेवाव्यात : सकाळचा रक्तदाब, रात्रीची झोप, कंबर किंवा गुडघ्याचे दुखणे दहापैकी किती आणि दोन मजले चढल्यावर लागणारी धाप. सहा-आठ आठवड्यांनी वही पुन्हा उघडावी. शिक्षक तुमचे आजार विचारतात का, जमत नसलेल्या आसनाला पर्याय देतात का, औषधे बंद करायला सांगतात का, हेही लिहावे. शेवटच्या प्रश्नाचे उत्तर हो असेल, तर तो वर्ग त्याच दिवशी सोडावा.

कुवलयानंदांकडे क्ष-किरणांचे यंत्र होते. आपल्याकडे वही, पेन आणि घरचे रक्तदाबमापक असते. सुरुवातीला तेवढे पुरते.